उंचीच्या तक्त्यातल्या अनाम मुली

१९८६ साली ‘जर्नल ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकाच्या १०८व्या खंडात एक छोटा लेख आला. पाने चारच, ६९४ ते ६९७. लेखकांत झुरिकचे मिलो झाखमान आणि आंद्रेआ प्राडर होते, स्टॉकहोमचे मार्टिन रिट्झेन होते, अमेरिकेतले आणि स्पेनमधले त्यांचे सहकारी होते. अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, म्हणजे पुरुषसंप्रेरक रक्तात असूनही शरीराने त्याला दाद न देणे, या अवस्थेतल्या काही मुली वयात येताना कधी आणि किती वाढल्या, एवढाच त्या लेखाचा विषय. मुलींची नावे त्यात नाहीत आणि नसायलाच हवीत. पण मुलींना वयात येताना उंचीची जी झेप मिळते ती नेमकी कशामुळे, या प्रश्नावरची वैद्यकातली बऱ्याच वर्षांची समजूत या अनाम मुलींच्या सेंटिमीटरांनी हलवली.

त्या सेंटिमीटरांचा माग काढायचा तर हाती काय आहे? दवाखान्यांतली मूळ कार्डे नाहीत. आहेत ते छापील कागद: १८१७ चा एक लॅटिन ग्रंथ, गेल्या शतकातले रुग्णवृत्तान्त, एक डॅनिश नोंदणी-अभ्यास, दातांची मोजमापे, वादात पडलेले दोन लेख आणि काही संतप्त पत्रे. कागद जिथे बोलतो तिथे त्याचेच म्हणणे ऐकावे, आणि अनुमान करावे लागले तर ते अनुमान आहे हे सांगून करावे, या शिस्तीने मी ते वाचले आहेत.

आधी ही अवस्था समजून घेऊ. गर्भाची गुणसूत्रे ४६, एक्सवाय. वाय गुणसूत्रामुळे पोटात वृषणे तयार होतात आणि ती दोन कामे करतात. एका संप्रेरकाने गर्भाशयाची जडणघडण थांबवतात, दुसरे संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉन स्रवतात. टेस्टोस्टेरॉनचा निरोप पेशीने ऐकायचा तर पेशीत एक ग्राही प्रथिन लागते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. हे जनुक पूर्ण निकामी असेल तर निरोप कुठेच पोचत नाही. बाळ जन्मते ते मुलगीच असते, मुलगी म्हणून वाढते आणि बहुतेक जणी स्वतःला आयुष्यभर स्त्रीच मानतात. वयात येताना रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरातच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे स्तनांची वाढ नीट होते. पाळी मात्र येत नाही, आणि काखेत व जांघेत केस जवळजवळ उगवत नाहीत. ग्राही अर्धवट चालत असेल तर चित्र फार वेगवेगळे दिसते. त्या अंशतः प्रकाराचा इतिहास वेगळा लिहावा लागेल, इथे मी संपूर्ण प्रकाराबद्दलच बोलतो आहे.

वाढीच्या अभ्यासकाला या अवस्थेत इतका रस का, ते यावरून लक्षात यावे. एरवी वाय गुणसूत्र, टेस्टोस्टेरॉनचा परिणाम आणि मुलग्याची वाढ या तीन गोष्टी एकत्रच येतात. उंचीतले कोणते सेंटिमीटर कोणाचे, हे सांगता येत नाही. या मुलींत वाय आहे, टेस्टोस्टेरॉन आहे, पण त्याचा परिणाम शून्य. कोणत्याही प्रयोगशाळेत माणसावर करता येणार नाही आणि करूही नये असा भेद निसर्गाने इथे आपोआप केलेला आहे.

जुन्या कागदांत वाढ जवळजवळ नाहीच. १८१७ मध्ये जर्मनीत स्टेगलेनर यांनी उभयलिंगी देहांच्या स्वरूपावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यातले एका तरुण स्त्रीच्या शवविच्छेदनाचे वर्णन या अवस्थेच्या पहिल्या नोंदींपैकी मानले जाते. बाहेरून स्त्री, आत वृषणे. ती लहानपणी कशी होती, केव्हा उंच झाली, हे विचारायला कोणी उरले नव्हते. पुढची शंभरेक वर्षे असेच वृत्तान्त येत राहिले. डॉक्टरांसमोर प्रौढ स्त्री यायची, लग्न होऊनही पाळी नाही म्हणून, मूल नाही म्हणून किंवा जांघेत गाठ आहे म्हणून. बालपण कागदाच्या बाहेरच राहिले.

१९३७ मध्ये स्वीडनचे पेटरसन आणि बोन्निए यांनी ‘हेरेडिटास’ या आनुवंशिकीच्या नियतकालिकात एका कुटुंबाचा अभ्यास मांडला आणि बाहेरून स्त्री दिसणाऱ्या या व्यक्ती जनुकीय अंगाने पुरुष असाव्यात, असा निष्कर्ष काढला. गुणसूत्रे मोजण्याची पद्धत बसण्याआधीचा हा निष्कर्ष आहे, निव्वळ वंशावळीच्या बळावर काढलेला. १९५९ मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या स्त्रियांची गुणसूत्रे एक्सवाय असल्याचे दाखवून तो पक्का केला.

दरम्यान १९५३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन मॅक्लीन मॉरिस यांनी ८२ वृत्तान्त एकत्र केले. त्यांतले दोन त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचे, बाकीचे जुन्या वाङ्मयातून वेचलेले. ‘टेस्टिक्युलर फेमिनायझेशन’ हे नाव त्यांनी दिले आणि ते पुढे कित्येक वर्षे चालले. या अवस्थेच्या अभ्यासातला मैलाचा दगड म्हणून या लेखाचा मान आहे आणि तो योग्यच आहे. पण वाढीच्या इतिहासासाठी तो वाचला की त्याची मर्यादा कळते. वृत्तान्त वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या दशकांतले, बहुतेक प्रौढांचे. स्तन, केस, गर्भाशयाचा अभाव, वृषणांची सूक्ष्मदर्शकाखालची रचना, हे सारे त्यात सापडते. एखादी मुलगी दहाव्या वर्षी किती उंच होती आणि तेराव्या वर्षी किती झाली, हे सापडत नाही. शोधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो प्रश्न होता त्याचीच उत्तरे कागदावर उतरली.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले लॉसन विल्किन्स यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले होते. बालकांच्या संप्रेरकविकारांचे शास्त्र उभे करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. या अवस्थेतल्या एका रुग्णाला त्यांनी रोज मेथिलटेस्टोस्टेरॉन दिले. पुरुषी बदलाचे एकही चिन्ह उमटले नाही. संप्रेरकाची कमतरता नाही, शरीराच्या ऊती त्याला प्रतिसादच देत नाहीत, असे त्यांनी त्यावरून म्हटले. ग्राही प्रथिनाचा पुरावा यायला अजून अवकाश होता. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलला मेरी लायन आणि सुसन हॉक्स यांना असाच दोष उंदरांत सापडला, आणि तो एक्स गुणसूत्रावरून येतो हे दिसले. १९८८ मध्ये माणसाच्या ग्राहीचे जनुक हाती आले.

आता उंचीकडे. गेल्या शतकात बराच काळ वैद्यकात सर्वसाधारण मत असे होते की इस्ट्रोजेन हाडांची वाढ थांबवते आणि अँड्रोजेन ती वाढवते. मुलग्यांची झेप वृषणांतल्या टेस्टोस्टेरॉनची. मग मुलींची? त्यांच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून थोडे अँड्रोजेन स्रवते, झेप त्यामुळेच येत असली पाहिजे, असे उत्तर दिले जाई. या मताला पुरावा होता. फार उंच होतील अशा मुलींना मोठ्या मात्रेत इस्ट्रोजेन दिले की त्यांची उंची अडायची. हे डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलेले होते आणि पाहिलेले खरे होते. चूक मात्रेच्या हिशेबात होती.

या मताची परीक्षा घ्यायची तर अशी मुलगी हवी जिच्यात अँड्रोजेनचा परिणाम अजिबात नाही पण इस्ट्रोजेन आहे. अशा मुली होत्याच. अडचण होती ती त्यांना दरवर्षी मोजलेले असण्याची, आणि तुलनेला सामान्य मुलामुलींची तितकीच काटेकोर मापे असण्याची. दुसरी गोष्ट झुरिकमध्ये होती. तिथे १९५४ पासून प्राडर यांच्या पुढाकाराने मुलामुलींचा एक गट जन्मापासून मोठेपणापर्यंत ठरावीक काळाने मोजला जात होता. त्या नोंदींतून दिसले की मुलींच्या उंचीच्या झेपेचे शिखर सुमारे बाराव्या वर्षी येते आणि मुलग्यांचे चौदाव्याच्या आसपास. शिखराच्या वर्षात मुली सुमारे ७ सेंटिमीटर वाढतात, मुलगे सुमारे ९. अशा मापांची कीर्ती होत नाही. वर्षानुवर्षे तीच मुले, तीच भिंत, तेच उपकरण. पण पुढचा सगळा युक्तिवाद याच नीरस कामावर उभा आहे, म्हणून मला त्या मोजणाऱ्या हातांबद्दल मनापासून आदर वाटतो.

पहिली गोष्ट, म्हणजे या अवस्थेतल्या मुलींची वर्षावर्षाची उंची, कुठल्याही एका दवाखान्यात पुरेशी नव्हती. डेन्मार्कच्या रुग्णनोंदणीवरून १९९२ मध्ये काढलेला अंदाज आहे की ही अवस्था एक्सवाय गुणसूत्रांच्या सुमारे २०,४०० जन्मांत एकदा आढळते, आणि तोही रुग्णालयात दाखल झालेल्यांवर आधारलेला. म्हणूनच १९८६ च्या लेखावर इतक्या देशांतली नावे आहेत. प्रत्येकाकडे थोडी थोडी कार्डे होती, ती त्यांनी एकत्र ठेवली. दिसले ते असे: या मुलींनाही उंचीची झेप आली, ती मुलींच्या वयाला आली आणि मुलींच्या मापाची आली. शरीर अँड्रोजेनला बहिरे असूनही झेप आली होती. तेव्हा मुलींच्या झेपेमागे इस्ट्रोजेनच असले पाहिजे, असा अप्रत्यक्ष पुरावा म्हणून लेखकांनी तो मांडला. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द त्यांनी शीर्षकातच ठेवला. मोठा शोध हाती असताना इतके संयत शीर्षक देणाऱ्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

हा लेख एकटा नव्हता. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या ज्युडिथ रॉस आणि सहकाऱ्यांनी टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र कमी असल्याने अंडाशये नीट काम न करणे) असलेल्या मुलींना इस्ट्रोजेनच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची वाढ मोजली. अगदी लहान मात्रेने वाढ वेगावली, मोठ्या मात्रेने नाही. जुने निरीक्षण आणि नवे निरीक्षण दोन्ही खरी होती. थोडे इस्ट्रोजेन हाड वाढवते, भरपूर इस्ट्रोजेन हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा मिटवते.

आणि मग १९९४ मध्ये उलट बाजूचा कागद आला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाचा वृत्तान्त छापला गेला. त्याचे टेस्टोस्टेरॉन ठीक होते, पण इस्ट्रोजेनचा ग्राही निकामी. उंची २०४ सेंटिमीटर, आणि हाडांचे वय अवघे १५. वाढीच्या कूर्चा मिटलेल्याच नव्हत्या, म्हणून तो प्रौढपणीही वाढत राहिला होता. १९९७ मध्ये त्याच नियतकालिकात इटलीतल्या दुसऱ्या एका पुरुषाची हकीगत आली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन बनतच नव्हते. टेस्टोस्टेरॉन देऊन हाडांच्या कूर्चांवर काही फरक पडला नाही, इस्ट्रोजेन दिल्यावर त्या मिटल्या. म्हणजे मुलग्यांच्या हाडांनाही वाढ कुठे थांबवायची हे इस्ट्रोजेनच सांगते. १९८६ च्या त्या चार पानांतल्या मुलींनी जे सुचवले ते या दोन पुरुषांनी दुसऱ्या टोकाकडून पक्के केले.

इथवरचा धागा सरळ आहे. गुंता पुढे आहे. या मुलींची झेप मुलींसारखी असेल, तर त्यांची अंतिम उंचीही स्त्रियांच्या सरासरीइतकीच भरायला हवी. तशी ती भरत नाही. फिनलंडमध्ये १९८४ साली वारेला, अल्वेसालो आणि विंका यांनी, अमेरिकेत १९८५ साली स्मिथ आणि सहकाऱ्यांनी, पुढे २००७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये दानिलोविच आणि सहकाऱ्यांनी मोजमापे दिली, आणि सगळीकडे या स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा उंच निघाल्या. ब्राझीलच्या अभ्यासात त्या पुरुषांपेक्षा मात्र ठेंगण्या होत्या. युरोपात स्त्री-पुरुषांच्या सरासरी उंचीत सुमारे १३ सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यातले काही सेंटिमीटर टेस्टोस्टेरॉनच्या मदतीवाचूनच मिळतात, असा याचा अर्थ होतो. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी वाय गुणसूत्रावरच उंचीचे जनुक असावे असे सुचवले. शीर्षकात त्यांनीही ‘तात्पुरता पुरावा’ असेच म्हटले.

इथे कागदांची उलटतपासणी करायला हवी, कारण या उंचीला दुसरेही एक कारण असू शकते. त्या काळात अवस्था ओळखली गेली की पोटातली वृषणे काढून टाकण्याचा प्रघात होता. कर्करोगाची भीती हे त्याचे कारण. शस्त्रक्रिया लहानपणीच झाली असेल तर इस्ट्रोजेनचा उगमच जातो, आणि मुलगी वयात यायची तर गोळ्या द्याव्या लागतात. त्या उशिरा सुरू झाल्या तर हाडांच्या कूर्चा उशिरा मिटतात आणि पाय लांब होतात. तेव्हा एखादी स्त्री उंच आहे ती वाय गुणसूत्रामुळे की तिला गोळ्या दोन वर्षे उशिरा मिळाल्या म्हणून, हे केवळ अंतिम उंचीवरून ठरत नाही. कोणती मुलगी कोणत्या वयात शस्त्रक्रियेला गेली आणि गोळ्या कधी सुरू झाल्या, हे न सांगता दिलेली सरासरी उंची मी अर्धाच पुरावा मानतो.

या अडचणीतून वाट काढतात ते दात. माझ्या मते या सबंध दप्तरातला हा सगळ्यात विलक्षण कागद आहे. १९८० मध्ये अल्वेसालो आणि वारेला यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये एक्सवाय स्त्रियांच्या कायमच्या दातांची मापे दिली. पुरुषांचे दात सरासरीने स्त्रियांच्या दातांपेक्षा थोडे मोठे असतात. या स्त्रियांचे दात पुरुषांच्या मापाचे निघाले. यातले महत्त्व वेळेत आहे. पहिल्या कायमच्या दाढांचे आणि पुढच्या दातांचे माथे आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच घडतात आणि एकदा घडलेले एनॅमल पुन्हा बदलत नाही. तेराव्या वर्षीच्या गोळ्या, आठव्या वर्षीची शस्त्रक्रिया, उशिरा मिटलेल्या कूर्चा, यांतले काहीही त्या मापाला हात लावू शकत नाही. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम नसताना दात पुरुषांएवढे झाले, म्हणजे वाय गुणसूत्र वाढीवर थेट काही करते. उंचीचा पुरावा जिथे गढूळ होतो तिथे दातांचा पुरावा स्वच्छ राहतो. दात म्हणजे उंची नव्हे, हे खरे. पण एका अवयवात थेट परिणाम सिद्ध झाला की दुसऱ्यातही तो असण्याची शक्यता बळावते, एवढे म्हणायला हरकत नाही. पुढे जपानच्या ओगाता आणि मात्सुओ यांनी गुणसूत्रांचे वेगवेगळे बिघाड असलेल्यांच्या उंच्या शेजारी शेजारी ठेवून हाच विचार नेटाने मांडला.

जन्मवेळच्या वजनावर तर दोन कागद उघड भांडतात. मुलगे जन्मतः मुलींपेक्षा सरासरीने थोडे जड असतात. ते गर्भातल्या अँड्रोजेनमुळे, की वाय गुणसूत्रामुळे? १९९८ मध्ये युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून एक टिपण प्रसिद्ध केले. या अवस्थेतल्या बाळांची वजने मुलींसारखी आहेत, म्हणून फरक अँड्रोजेनचा, असा त्याचा निष्कर्ष. २०१० मध्ये केंब्रिज आणि स्टॉकहोमच्या गटाने आपल्याकडच्या नोंदी काढल्या आणि वजने मुलग्यांसारखी असल्याचे सांगून नेमके उलट म्हटले. दुसऱ्या लेखात अधिवृक्क ग्रंथींच्या विकारामुळे गर्भातच जादा अँड्रोजेन मिळालेल्या मुलींच्या जन्मवजनांचीही जोड आहे, त्यामुळे माझा कल तिकडे झुकतो. पण दोन्हीकडच्या बाळांची संख्या इतकी लहान आहे की हा खटला निकाली निघाला असे कोणी लिहू नये.

संख्येचाच प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची लिंगचाचणी झाली. आठ जणींत वाय गुणसूत्राची खूण आढळली. त्यांतल्या सात जणींना हीच अवस्था होती, तिघींना संपूर्ण आणि चौघींना अंशतः. सर्वांना खेळू दिले गेले. वीस हजारांत एक आणि साडेतीन हजारांत सात, ही तफावत डोळ्यांत भरते, आणि संपूर्ण प्रकारात टेस्टोस्टेरॉनचा काहीच उपयोग होत नसल्याने उंचीचा आणि बांध्याचा फायदा हे एक संभाव्य कारण उरते. मात्र त्या खेळाडूंची उंची चाचणीच्या त्या आकड्यांत नाही. कागदावर जे नाही ते मी त्यात भरणार नाही.

हाच नियम फार मागे जाऊन मोडलेला दिसतो. जोन ऑफ आर्कला पाळी येत नसे, अशी जुनी वदंता आहे. तेवढ्यावरून तिलाही हीच अवस्था होती असे गेल्या शतकातल्या काही डॉक्टरांनी लिहिले. पाळी न येण्याची कारणे अनेक असतात. रणांगणावरची, तुरुंगातली, उपाशी राहणारी मुलगी पाळीशिवाय असू शकते. जिच्या देहाचा एकही अवशेष तपासायला नाही तिच्यावर निदान चिकटवणे हे इतिहासलेखन नव्हे, आणि वैद्यकही नव्हे.

आता या दप्तरात कोण शिरले आणि कोण बाहेर राहिले ते पाहू. लहान वयात ही अवस्था कळते ती बहुधा हर्नियामुळे. मुलींना हर्निया कमी होतो. झाला, आणि त्यातही दोन्ही जांघांत झाला, तर अशा मुलींपैकी साधारण एक ते दोन टक्के जणींत ही अवस्था निघते. शस्त्रक्रिया करताना त्या गाठीत वृषण सापडते. म्हणजे बालपणापासून मोजल्या गेलेल्या मुली बहुतांशी हर्नियाच्या वाटेने आलेल्या, आणि मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांपर्यंत पोचलेल्या. बाकीच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, पाळी आली नाही म्हणून येतात. तोवर उंची भरून झालेली असते. शिवाय लहानपणी ओळखल्या गेलेल्यांपैकी अनेकींची वृषणे लगेच काढली गेली. त्यांच्या स्वतःच्या संप्रेरकावर झालेली वाढ कोणी पाहिलीच नाही. १९८६ च्या लेखातला युक्तिवाद शक्य झाला तो ज्या मुलींच्या वृषणांना वयात येईपर्यंत हात लावला गेला नव्हता त्यांच्यामुळे.

आणि ज्यांचे सेंटिमीटर मोजले गेले त्यांना स्वतःबद्दल काय सांगितले गेले? याचे कागद वेगळ्या कपाटात आहेत. त्या काळचा रिवाज न सांगण्याचा होता. ‘अंडाशयात दोष होता, म्हणून काढला’ अशा धर्तीचे काहीतरी सांगून मुलीला घरी पाठवले जाई. १९९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या अवस्थेतल्या एका स्त्रीचे निनावी निवेदन छापले. त्याच्या शीर्षकातच ‘अंधारातले गुपित’ या अर्थाचे शब्द आहेत. १९९६ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाने एक बक्षीसपात्र विद्यार्थी-निबंध प्रसिद्ध केला. रुग्णाला पूर्ण सत्य न सांगणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तरे आली, आणि ती लिहिणाऱ्या याच अवस्थेतल्या स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी एकीला आपले निदान डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. तिने ते वैद्यकीय ग्रंथालयात पुस्तके चाळून शोधले, एकटीने. मोजपट्टीसमोर दरवर्षी उभ्या राहिलेल्या मुलीला ती मोजणी कशासाठी हे कळू दिले नाही, हा या इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय मी मानतो. त्या पत्रांनी आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या आधारगटाने डॉक्टरांचे वागणे बदलायला लावले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनाने जुनी अपमानकारक नावे सोडायला सांगितले आणि रुग्णाशी व कुटुंबाशी मोकळेपणाने बोलण्याचा आग्रह धरला. आता अनेक केंद्रांत वृषणे वयात येईपर्यंत राहू देतात, कारण त्याआधी कर्करोगाचा धोका फारच कमी असतो. मुलगी स्वतःच्या संप्रेरकावर वाढते आणि पुढचा निर्णय समजत्या वयात स्वतः घेते.

आपल्याकडचा प्रश्न साधा आणि रोजचा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याच्या वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. तक्ते दोन, एक मुलींचा आणि एक मुलग्यांचा. या अवस्थेतल्या मुलीची उंची कोणत्या तक्त्यावर मांडायची? वर दिलेल्या कागदांवरून माझे उत्तर असे: मुलींच्याच तक्त्यावर, कारण झेप कधी येणार ते तोच तक्ता सांगतो. मात्र तिची रेघ वरच्या बाजूने गेली तर तो आजार समजून घाबरू नये. आणि हाडांच्या घनतेकडे लक्ष ठेवावे, कारण ती या स्त्रियांत बऱ्याचदा कमी भरते.

शेवटी कागदांबद्दलच, कारण हे सगळे कागद उरले म्हणून लिहिता आले. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णालयात दाखल झालेल्याची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावीत, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यावीत. दोन वर्षांच्या मुलीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत वृषण सापडले, तर तिच्या पाचव्या वर्षी ते दप्तर रद्दीत जाऊ शकते, नियमाला धरून. तिला ते लागणार पंधराव्या वर्षी. म्हणून ज्या घरात अशी मुलगी आहे त्या आईवडिलांना कळकळीची विनंती: शस्त्रक्रियेचा अहवाल, पॅथॉलॉजीचा अहवाल, गुणसूत्रांची तपासणी आणि दर सहा महिन्यांची उंची व वजन, यांच्या प्रती आजच मागून घ्या आणि एका फायलीत ठेवा. मुलगी विचारू लागली की तिच्या वयाला झेपेल तसे तिला खरे सांगत जा. ती सज्ञान झाली की ती फाईल तिच्या हाती द्या. ती तिची आहे.